ट्रायपॉड, लेन्स आणि पावसाळा : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मिरगाची चाहूल लागली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रोख बदलतो. या खेपेला निवडलेल्या पत्रांपैकी दोन तर सरळ पावसाशीच निगडित आहेत. उत्तरे देणारा हौशी छायाचित्रकार आहे, विक्रेता नव्हे, हे ध्यानात ठेवून ती वाचावीत.

प्रश्न : माझ्याकडे डीएसएलआर (आत आरसा असलेला) कॅमेरा आणि १८-५५ व ५५-२५० मिलिमीटर अशा दोन लेन्स आहेत. गेल्या पावसाळ्यात गोकाकच्या धबधब्याची छायाचित्रे ट्रायपॉडवरून घेतली, तरीही ती हललेली आली. ट्रायपॉडच्या खोक्यावर पाच किलो वजन पेलण्याची क्षमता छापलेली आहे. आता कार्बन फायबरचा ट्रायपॉड घ्यावा काय? (एक वाचक, निपाणी)

उत्तर : खोक्यावरच्या पाच किलोंकडे फार लक्ष देऊ नये. आपला कॅमेरा आणि मोठी लेन्स मिळून एक किलोच्या आसपासच भरतात, त्यामुळे वजन पेलण्याचा प्रश्न मुळात नाहीच. प्रश्न थरथरीचा आहे. पाच किलो ठेवले तरी मोडत नाही एवढेच तो आकडा सांगतो, वाऱ्यात किंवा शटर उघडताना किती डुलतो हे सांगत नाही. ते घरीच पडताळता येते. ५५-२५० लेन्स २५० वर नेऊन समोरच्या एखाद्या दुकानाच्या पाटीवर रोखावी, लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर, चित्र दहापट मोठे करावे आणि ट्रायपॉडच्या पायाला बोटाने हलकी टिचकी मारावी. पडद्यावरची अक्षरे थरथरू लागतील. ती चटकन स्थिरावली तर ट्रायपॉड ठीक आहे. दोन-तीन सेकंद झुलत राहिली तर दोष कुठे आहे ते कळले. मग मधला दांडा पूर्ण वर काढून तीच टिचकी पुन्हा मारावी, म्हणजे तो दांडा शक्यतो खालीच का ठेवायचा हे निराळे सांगावे लागणार नाही.

स्वस्त ट्रायपॉडमध्ये सर्वांत खालची नळी बहुधा काडीसारखी बारीक असते आणि डोलण्याचे मूळ तिथेच असते. म्हणून दुकानात पाय पूर्ण उघडून ती शेवटची नळी पाहावी, आणि मधला दांडा वर न काढता कॅमेरा आपल्या हनुवटीपर्यंत पोहोचतो का तेही पाहावे. राहिला कार्बनचा प्रश्न. कार्बन फायबर हलके असते, थरथर लवकर शमवते आणि गंजत नाही, पण त्याची किंमत बरीच जास्त पडते. गोकाकला गाडी धबधब्याच्या जवळपर्यंत जाते, तेव्हा अर्धा-पाऊण किलो वाचवण्यासाठी एवढा खर्च करण्याचे मला तरी कारण दिसत नाही. उलट वाऱ्यात ॲल्युमिनियमचे वजन कामीच येते. खानापूरच्या रानात दिवसभर पाठीवर घेऊन चालायचे असेल, तर मात्र कार्बनचा विचार जरूर करावा.

मात्र नवा ट्रायपॉड घेण्यापूर्वी जुन्यावरच काही गोष्टी करून पाहाव्यात. ट्रायपॉडवर असताना लेन्सवरचे स्टॅबिलायझेशनचे (हाताची थरथर भरून काढणाऱ्या यंत्रणेचे) बटण बंद करावे, कारण कॅमेरा स्थिर असतानाही ती यंत्रणा हालचाल शोधत राहते आणि कधीकधी स्वतःच चित्र हलवते. कॅमेऱ्याचा पट्टा काढून ठेवावा, कारण वाऱ्यावर फडफडणारा पट्टा दिसतो त्यापेक्षा जास्त नुकसान करतो. बटण बोटाने दाबून लगेच छायाचित्र न घेता दोन सेकंदांचा टायमर लावावा आणि लाइव्ह व्ह्यू वापरावा, म्हणजे आतला आरसा आधीच वर गेलेला असतो व त्याचा दणका बसत नाही. साधारण १/३० ते अर्ध्या सेकंदाच्या वेगांना हा दणका सर्वांत जास्त जाणवतो आणि धबधब्यासाठी आपण नेमके तेच वेग वापरतो. मधल्या दांड्याखालच्या हुकाला पिशवी लटकवायची असल्यास ती जमिनीला टेकलेली असावी, अधांतरी झुलणारी नको. गोकाकच्या झुलत्या पुलावर मात्र यातले काहीच उपयोगी पडत नाही, कारण तिथे कोणी चालले तरी पायाखालची फळीच हलते. जमीन निवडावी, तीही कडेपासून दूर. ओला खडक शेवाळाने निसरडा झालेला असतो.

आपण न विचारलेली एक गोष्ट सांगतो. घटप्रभा नदीचे पाणी तिथे सुमारे १७० फूट खाली कोसळते आणि भर पावसात ते गढूळ तांबडे असते. ढगाळ हवेत आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १०० आणि एफ/११ ला (एफचा आकडा जितका मोठा, तितके लेन्सचे छिद्र लहान) शटर १/३० सेकंद येत असेल, तर तीन स्टॉपच्या एनडी फिल्टरने (उजेड कमी करणारी गडद काच; एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) ते १/४ वर येते, सहा स्टॉपच्या फिल्टरने सुमारे दोन सेकंदांवर आणि दहा स्टॉपच्या फिल्टरने तीस सेकंदांच्या पुढे जाते. दुधासारखे मऊ पाणी दाखवण्याची हौस सर्वांनाच असते, पण गोकाकचा पूर तीस सेकंद टिपला की चित्रात एक सपाट तपकिरी पडदा उरतो आणि पाण्याचा जोर नाहीसा होतो. मी १/८ ते १/२ सेकंदाच्या आत राहतो. तेवढ्यात धारांचे पोत शिल्लक राहते. वेग कमी करण्यासाठी एफ/२२ वर जाऊ नये, कारण एवढ्या लहान छिद्रातून जाताना विवर्तनामुळे, म्हणजे प्रकाश पसरल्यामुळे, सगळेच चित्र मऊ पडते. तुषारांचे म्हणाल तर मायक्रोफायबरची दोन फडकी न्यावीत, एक ओले होणारच आहे. घरी आल्यावर ट्रायपॉडचे पाय उघडे ठेवून पुसावेत आणि पूर्ण वाळल्याशिवाय मिटू नयेत.

प्रश्न : वडिलांची जुनी ५० मिलिमीटरची लेन्स कपाटात होती. तिच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात. ती इतर लेन्सजवळ ठेवल्यास त्यांनाही लागण होईल काय? काही जण तांदळात ठेवण्यास सांगतात. (एक शिक्षिका, खानापूर तालुका)

उत्तर : ही बुरशी आहे. मलप्रभा नदीच्या उगमाचा, कणकुंबीकडचा तुमचा भाग पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे ओला असतो. ती वाढण्यात नवल नाही. बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडेच असतात, त्यामुळे शेजारच्या लेन्सला धोका आहे तो मुख्यतः त्याच दमट कपाटाचा. तरीही ही लेन्स वेगळी ठेवल्याने बिघडत काही नाही.

आधी किती पसरली आहे ते पाहावे. अंधाऱ्या खोलीत लेन्सच्या मागून तिरका टॉर्च मारला की धागे स्पष्ट दिसतात. कडेला चार-दोन धागे असतील तर छायाचित्रात फरक जाणवत नाही. मध्यावर पसरली असेल तर उजेडाकडे तोंड करून घेतलेली छायाचित्रे धुरकट येऊ लागतात. फार काळ राहिल्यास बुरशीतून निघणारे आम्ल काचेवरचा लेप खाते, आणि तो डाग मग साफसफाईनेही जात नाही. म्हणून ठेवायची असेल तर लवकर जाणत्या कारागिराकडून उघडवून घ्यावी. बाहेरून कितीही पुसले तरी आतली बुरशी निघत नाही.

तांदूळ नको. खानापूरकडे तांदूळ घरचाच असतो हे खरे, पण त्याची भुकटी फोकसच्या कड्यात शिरते आणि तो ओलावाही फारसा ओढत नाही. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक एवढे पुरे. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान असावा. त्याहून फार कोरडे केल्यास लेन्समधले वंगण सुकण्याची भीती असते. रंग बदलला की जेल मंद आचेवर कढईत परतून पुन्हा वापरता येते, परंतु निळ्या जेलमध्ये कोबाल्टचे विषारी क्षार असतात, तेव्हा ती कढई परत स्वयंपाकाला घेऊ नये आणि मुलांना त्यापासून लांब ठेवावे. चामड्याचे मूळ कव्हर आठवण म्हणून जपावे, पण लेन्स त्यात ठेवू नये. चामडे ओल धरून ठेवते.

प्रश्न : बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्तीच्या (जैन मंदिराच्या) छतावरील कमळाचे छायाचित्र ट्रायपॉडवरून घेता येईल काय? (एक महाविद्यालयीन विद्यार्थी, बेळगाव)

उत्तर : इ. स. १२०४ मध्ये रट्ट राजांच्या काळात बांधलेली ही बस्ती भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखाली आहे, आणि अशा वास्तूंमध्ये ट्रायपॉड लावण्यासाठी विभागाची पूर्वपरवानगी लागते. मात्र या कमळाला ट्रायपॉडची गरजच नाही. तेथील कर्मचाऱ्याला विचारून, कमळाच्या बरोबर खाली घडी केलेला टॉवेल अंथरावा व त्यावर कॅमेरा पाठीवर, लेन्स वर करून ठेवावा. १८-५५ सारखी लेन्स १८ वर ठेवून, एफ/८, आयएसओ १०० आणि दहा सेकंदांचा टायमर लावून आपण बाजूला व्हावे. एक सेकंदाचे शटरही चालते. कमळ मध्यावर आले की नाही ते पहिल्या छायाचित्रात पाहून टॉवेल बोटभर सरकवत राहावे. फ्लॅश वापरू नये, त्याने पाकळ्यांच्या कोरीव कडांवरची सावली मरते.