नेव्हिगेशन मशिनचा स्क्रीन घरून टॅबवर बघायचा असेल तर

न्यूरोनेव्हिगेशनच्या मशिनवर (मेंदूच्या ऑपरेशनमध्ये अवजाराचं टोक स्कॅनवर कुठे आहे ते दाखवणारं मशिन) एनीडेस्क (कॉम्प्युटरचा स्क्रीन दुरून बघण्याचं सॉफ्टवेअर) टाकून सरांना घरून प्लॅन आणि चालू ऑपरेशन बघता येईल का, असा प्रश्न आहे. येईल, पण टाकू नका. सायबर सुरक्षा हे कारण आहेच. त्याहून मोठी अडचण म्हणजे स्क्रीन पकडून पाठवण्याचा भार त्याच मशिनवर पडतो. पॉइंटरचं (सर्जनच्या हातातल्या टोकदार अवजाराचं) चित्र मागे रेंगाळलं, तर ओटीतल्या (ऑपरेशन थिएटरमधल्या) सर्जनला टोक आत्ता आहे तिथे नाही, मघाशी होतं तिथे दिसतं. शिवाय सर्व्हिसवाले हात वर करतात ते वेगळंच.

इमेज आणि लाइव्ह चित्र यांचे रस्ते वेगळे ठेवा.

इमेजसाठी सर्व्हर रूममध्ये एका साध्या पीसीवर ऑर्थँक (स्कॅनच्या इमेज साठवून दाखवणारं सर्व्हर सॉफ्टवेअर) बसवा. पॅक्समध्ये (हॉस्पिटलचे सगळे स्कॅन साठवणाऱ्या यंत्रणेत) त्याचं एई टायटल (इमेज पाठवताना ओळखायचं नाव), आयपी आणि पोर्ट (मुळात ४२४२) नोंदवून घ्या. एई टायटलमध्ये कॅपिटल-स्मॉलचा फरक पडला तरी पॅक्स नकार देऊ शकतं. टॅबवरून तिथे फक्त व्हीपीएनने (इंटरनेटवरून जाणाऱ्या बंदिस्त, सुरक्षित जोडणीने) जायचं, त्यासाठी वायरगार्ड हे सॉफ्टवेअर पुरतं. राउटरवर ३३८९ किंवा ५९०० (रिमोट डेस्कटॉप आणि व्हीएनसी या दुरून स्क्रीन बघण्याच्या सोयींचे पोर्ट) उघडणं म्हणजे दार सताड उघडं टाकणं. हॉस्पिटलच्या लाइनला पब्लिक आयपी (बाहेरून थेट पोहोचता येणारा इंटरनेटचा पत्ता) नसेल तर बाहेरून जोडणी होणारच नाही. स्टॅटिक आयपी घ्या किंवा मध्ये क्लाउड सर्व्हर ठेवा.

हमखास येणारी तक्रार: पेशंटची यादी दिसते, इमेज मात्र फिरतच राहते. बहुतेक वेळा मोबाइल नेटवर्कवर मोठी पॅकेट अडकलेली असतात. वायरगार्डमधला एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) १४२० वरून १२८० करून बघा. सीटीचा ५१२ × ५१२ चा एक स्लाइस साधारण अर्धा एमबी, म्हणजे ३०० स्लाइसचे १५० एमबी. तेवढा वेळ धरा. प्लॅन बदलायचा असेल तर वेगळ्या प्लॅनिंग पीसीवर, व्हीपीएनमधून रिमोट डेस्कटॉपने. ओटीत तो उघडल्यावर पेशंट आणि डावी-उजवी बाजू पुन्हा ताडून बघायचीच.

लाइव्हसाठी मशिनच्या व्हिडिओ आउटपुटला स्प्लिटर (एकच सिग्नल दोन वाटांना देणारी पेटी) आणि पुढे हार्डवेअर एन्कोडर (चित्र नेटवर्कवरून पाठवणारी पेटी). स्प्लिटरमध्ये ईडीआयडी (मॉनिटर कोणतं रिझोल्यूशन घेतो हे मशिनला सांगणारी माहिती) लॉक होत असेल तरच घ्या. नाहीतर कोणी एन्कोडर बंद केला की ओटीच्या मॉनिटरचं रिझोल्यूशन बदलतं, कधी स्क्रीन काळा होतो, आणि तेही ऐन ऑपरेशनमध्ये. एन्कोडर पेशंटपासून दीड मीटरच्या बाहेर ठेवा. १०८०पी, ३० फ्रेमसाठी ४ ते ६ एमबीपीएस अपलोड धरा.

चित्र अर्धा ते दोन सेकंद मागे असतं, त्यामुळे घरून ‘थांब’ म्हणण्याला अर्थ नाही. २००१ मध्ये न्यूयॉर्कहून रोबोटच्या साहाय्याने फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गच्या पेशंटचं पित्ताशय काढलं तेव्हा विलंब १५५ मिलिसेकंदांच्या आसपास होता, पण तिथे खास फायबर लाइन राखून ठेवली होती.

स्क्रीनच्या कोपऱ्यातलं पेशंटचं नाव एन्कोडरमध्येच झाका. आणि प्रत्येक टॅबला स्वतंत्र वायरगार्ड की द्या, म्हणजे एखादा हरवला तर तेवढीच काढता येते.