‘रिअर विंडो’मधली नर्स

हिचकॉकच्या ‘रिअर विंडो’ या सिनेमातल्या नर्सचं काम कोणी केलंय, आणि सहा नामांकनं मिळूनही ऑस्कर एकदाही नाही म्हणजे तिची कारकीर्द वाया गेली का, असं तुम्ही विचारलंय. ती थेल्मा रिटर. माझी फार लाडकी नटी, म्हणून सविस्तर लिहिते.

जन्म १९०२, ब्रुकलिन. आधी नाटक, मग संसार, मुलं, रेडिओ. सिनेमात आली तेव्हा पंचेचाळिशी गाठली होती. ‘मिरॅकल ऑन थर्टी-फोर्थ स्ट्रीट’मध्ये (१९४७) मुलासाठी खेळणं शोधून वैतागलेली आई, एवढंच काम. श्रेयनामावलीत नावही नाही. पण फॉक्स स्टुडिओचा प्रमुख डॅरिल झॅनक याच्या नजरेत ती भरली.

‘ऑल अबाउट ईव्ह’मध्ये (१९५०) ईव्हची करुण कहाणी ऐकून सगळे विरघळतात; थेल्माने रंगवलेल्या मदतनीस बर्डीला मात्र त्या पोरीचा संशय येतो. पुढे पटकथा बर्डीला जवळजवळ विसरूनच जाते, याचं मला अजून वाईट वाटतं. पहिलं नामांकन याच भूमिकेचं. १९५० ते १९५३ सलग चार, मग १९५९ आणि १९६२. ब्रॉडवेवर मात्र ‘न्यू गर्ल इन टाउन’साठी तिला १९५८चा टोनी हा रंगभूमीचा पुरस्कार मिळाला, संगीतिकेतल्या सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा, ग्वेन व्हर्डनबरोबर विभागून.

आता तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर. सॅम्युअल फुलरचा ‘पिकअप ऑन साउथ स्ट्रीट’ (१९५३) बघा. पुढे गोष्ट फुटेल, चालणार नसेल तर इथेच थांबा.

यात थेल्मा झालीय मो; ती टाय विकते आणि पोलिसांना खबरा विकते. स्किप या पाकीटमाराचा पत्ताही तिने पैसे घेऊन दिलेला; त्याला त्याचा राग नाही, तिलाही पोट आहे हे तो जाणतो. पैसे साठवायचे कशासाठी? बेवारशासारखं पुरलं जाऊ नये, स्वतःची जागा असावी, म्हणून. एका रात्री ती थकून खोलीवर येते, रेकॉर्ड लावते, पलंगावर टेकते. खोलीत हेरांसाठी काम करणारा जोई बसलेला असतो. त्याला स्किपचा पत्ता हवाय, पैसे द्यायची तयारी आहे. ज्या बाईने आजवर सगळ्यांचे पत्ते विकले, ती हा विकत नाही. रिटर आवाज चढवत नाही, डोळे गाळत नाही. दिवसभर पायपीट केलेली बाई बोलेल तसं दमून, जडपणे बोलते; मरणाची भीती दमणुकीखाली दबून गेलीय. मग कॅमेरा तिला सोडून ग्रामोफोनकडे सरकतो, रेकॉर्ड संपते आणि गोळीचा आवाज येतो.

त्या वर्षीचं ऑस्कर डॉना रीडला मिळालं. ‘पिकअप’ मी कितीदा पाहिलाय, पण बेवारशांच्या दफनभूमीकडे निघालेल्या बोटीवरून स्किप मोची शवपेटी उतरवून घेतो, तिथे आजही गळा दाटून येतो. खोलीतल्या त्या प्रसंगानंतर ती पडद्यावर दिसत नाही, तरी पुढचा सगळा सिनेमा तिचाच वाटतो.