देवाच्या वेळेची वाट पाहायची, मग डॉक्टरकडे जायचं की नाही?

"मुलासाठी डॉक्टरकडे गेलो, तर देवावर भरवसा नाही असं ठरेल का?" श्रद्धावान ख्रिस्ती जोडपी हा प्रश्न मला वारंवार विचारतात, आणि बहुतेक वेळा तो उठता उठता विचारला जातो. एका जोडप्याची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

ती 36 वर्षांची, लग्नाला सहा वर्षं झालेली. झोप लागत नाही, चिडचिड होते, मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कुणाच्या बाळाचं समर्पण (बाळाला देवापुढे आणून अर्पण करण्याचा विधी) असलं की त्या रविवारी डोकं दुखतं, अशा तक्रारी घेऊन ती आली. तपासण्या केल्या का, असं विचारल्यावर ती नवऱ्याकडे पाहू लागली. उत्तर त्याने दिलं. "प्रार्थना संगतीत सगळ्यांनी सांगितलंय, अब्राहामाने 25 वर्षं वाट पाहिली. घाई केली तेव्हा काय झालं? इश्माएल. आम्हाला तसं करायचं नाही."

मी पाळक (चर्चची धर्मगुरू) नाही, समुपदेशक आहे. पण माणूस ज्या वचनाला धरून बसलाय, ते त्याच्यासोबत उघडून वाचल्याशिवाय पुढे जाता येत नाही. म्हणून आम्ही उत्पत्ती, म्हणजे बायबलचं पहिलं पुस्तक, वाचलं. मूल होईना म्हणून अब्राहामाने बायकोच्या दासीपासून, हागारपासून, मिळवलेला मुलगा म्हणजे इश्माएल; देवाने वचन दिलेला मुलगा इसहाक. हारान सोडताना अब्राहाम 75 वर्षांचा, इसहाक झाला तेव्हा 100. हिशेब बरोबरच आहे. मात्र अब्राहामाला देवाने स्वतः, नाव घेऊन, वचन दिलं होतं. "तुम्हाला असं वचन मिळालंय का?" असं मी विचारलं. दोघंही गप्प झाले. बायबल प्रत्येक जोडप्याला मुलाचं वचन देत नाही. 'देवाची वेळ' म्हणताना आपण उत्तर 'हो'च आहे, फक्त तारीख कळायची आहे, असं गृहीत धरतो. प्रेषित पौलाने शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारा त्रास, देवाने काढावा म्हणून तीनदा विनवणी केली. त्याला कृपा मिळाली, काटा मात्र तसाच राहिला.

आणि हागारचं काय? त्या प्रसंगात एका दासीला तिची इच्छा न विचारता वापरलं गेलं, ती गरोदर राहिल्यावर तिचा छळ झाला, आणि रानात तिची विचारपूस करायला देवाचा दूत गेला. यातून 'रक्ततपासणी करू नका' असा अर्थ काढायला फार ओढाताण करावी लागते. मी त्यांना दुसरा एक प्रसंग दाखवला, जो प्रवचनांत फारसा येत नाही. हिज्कीया राजा मरणाला टेकला होता. यशया संदेष्ट्यामार्फत देवाने त्याला आणखी 15 वर्षांचं आयुष्य देऊ केलं. वचन मिळून गेलं होतं, तरीही यशया लगेच म्हणतो, गळवावर अंजिरांचा लेप लावा. (2 राजे, अध्याय 20.) त्या लेपाला कुणी अविश्वास म्हटलं नाही.

तिला हे पटत होतं. त्याला पटत नव्हतं, आणि माझं लक्ष तिथे होतं. तपासणीचा विषय निघाला की तो दर वेळी एखादं वचन म्हणायचा, आणि विषय संपायचा. त्याला एकट्याला भेटले तेव्हा मी बायबल बाजूला ठेवलं आणि विचारलं, "काय निघेल अशी भीती वाटते?" बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तो म्हणाला, "दोष माझ्यात निघाला तर?"

म्हणजे मुद्दा विश्वासाचा नव्हताच, निदान सगळा नव्हता. यात ढोंग होतं असं मला वाटत नाही. भीतीला श्रद्धेची भाषा चटकन सापडते, एवढंच. मी त्याला साध्या गोष्टी सांगितल्या. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाच्या बाजूचाही वाटा असतो. वीर्यतपासणी ही सगळ्यांत सोपी तपासणी आहे. सर्वसाधारणपणे वर्षभर प्रयत्न करून गर्भ राहिला नाही, तर दोघांनी तपासून घ्यावं. बायकोचं वय 35च्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच. पस्तिशीनंतर बीजांची संख्या आणि प्रत झपाट्याने घटते, त्यामुळे थांबून राहणं हासुद्धा एक निर्णयच असतो, आणि त्याची किंमत मुख्यतः ती मोजत होती.

तिच्यासोबतचं काम वेगळं होतं. 'धन्यवाद प्रभू' यापलीकडे तिची प्रार्थना जातच नव्हती. राग आला तर पाप होईल, असं तिला वाटे. मी तिला स्तोत्र 13 मोठ्याने वाचायला सांगितलं. जेमतेम सहा वचनांचं स्तोत्र, त्यात 'कोठवर?' हा सवाल चार वेळा. ती वाचता वाचता रडली, मग रागावली, आणि मला ते बरं लक्षण वाटलं. मूल व्हावं म्हणून देवळात रडून प्रार्थना करणाऱ्या हन्नाची बायबलमधली गोष्ट तिला पाठ होती, पण देवळातल्या याजक एलीने हन्नाला दारू प्यालेली समजलं होतं, हे तिच्या ध्यानात राहिलं नव्हतं. देवाच्या माणसांनाही दुसऱ्याचं दुःख ओळखता येत नाही, असं तिथे उघड लिहिलेलं आहे. प्रार्थना संगतीतल्या बायकांवरचा तिचा राग त्यानंतर थोडा निवळला.

तपासण्या झाल्या. त्याचा अहवाल कमकुवत निघाला, तिच्यातही किरकोळ अडचण होती. तो काही दिवस बोलला नाही, नंतर औषधं सुरू केली. पुढे टेस्ट ट्यूब बेबीचा विषय आला तेव्हा खरा श्रद्धेचा प्रश्न उभा राहिला, आणि तो मी झटकून टाकला नाही. कॅथलिक चर्चने 1987च्या आपल्या दस्तऐवजात ही पद्धत नाकारली आहे, नैसर्गिक गर्भधारणेला मदत करणारे उपचार मात्र चालतात. अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या हे विवेकावर सोडतात. हे जोडपं प्रोटेस्टंट होतं. या पद्धतीत शरीराबाहेर तयार होऊन न वापरता उरलेल्या भ्रूणांचं काय होणार, याची त्यांना टोचणी होती. त्यांनी पाळकांशी चर्चा केली, आणि जेवढे वापरायचे तेवढेच भ्रूण तयार करता येतील का, असं डॉक्टरांना विचारलं. किती वेळा प्रयत्न करायचा आणि किती खर्चावर थांबायचं, हेही आधीच ठरवलं. दत्तकाबद्दल त्यांचं अजून एकमत नाही.

आमच्या भेटी संपल्या तेव्हा मूल झालेलं नव्हतं. ती प्रार्थना संगतीत पुन्हा जाऊ लागली आहे. कुणी 'देवाची वेळ येईल' म्हणालं, तर ती म्हणते, "मंगळवारी आमची अपॉइंटमेंट आहे, त्यासाठी प्रार्थना करा."