कायद्याचं विचारा: निकाल मिळाला, नंबर मिळाला, केसच सापडेना

या वेळी मेल उघडली तर निम्म्याहून जास्त प्रश्न एआयचेच, म्हणून म्हटलं हा अंक त्यालाच देऊन टाकू. मृत्युपत्र आणि वाटणीवाल्यांनी रागावू नका, पुढच्या महिन्यात नक्की.

प्रश्न: ताई, वकिली सुरू करून आठ महिने झालेत. सिनियर म्हणतात संध्याकाळपर्यंत आपल्या बाजूचे चार निकाल काढून दे. चॅटबॉटला विचारलं तर दोन मिनिटांत सहा मिळाले, नाव, वर्ष, नंबर सगळं. तसेच अर्जात टाकले तर चालेल का? बाकीचे टाकतातच.

बाकीच्यांचं सोड, तू टाकू नकोस. २०२३ची न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टातली गोष्ट सांगते. विमानात सर्व्हिसची गाडी गुडघ्यावर आदळली म्हणून एका प्रवाशाने एव्हिआन्का एअरलाईनवर दावा केला होता, म्हणजे तसं बघायला गेलं तर अगदी साधी केस. त्याच्या वकिलांनी दिलेले निकाल समोरच्यांना सापडेनात, मग कोर्टालाही सापडेनात, कारण त्यातले सहा चॅटजीपीटीने चक्क रचले होते. आणि गंमत बघ, वकिलाने शंका आली म्हणून त्यालाच विचारलं होतं की बाबा ही केस खरी आहे ना, तर ते म्हणालं हो खरी आहे! चोरालाच विचारायचं चोरी केलीस का, तसलाच प्रकार. ५,००० डॉलर दंड झाला, पण मला जास्त झोंबलं ते पुढचं, ज्या न्यायाधीशांच्या नावावर हे खोटे निकाल खपवले होते त्या प्रत्येकाला पत्र लिहून कळवायला लावलं. त्या कोर्टाने एआय वापरणं चूक आहे असं म्हटलेलं नाही हं, शंका घेतल्यावरही वकील त्या निकालांना चिकटून बसले हे कोर्टाला खटकलं.

हे असं का होतं, तर चॅटबॉट निकाल शोधून आणेलच असं नाही, तो मुळात एकापुढे एक शब्द ठेवत निकालासारखा दिसणारा मजकूर तयार करतो, आणि निकालांची भाषा इतकी ठराविक असते की नक्कल अगदी हुबेहूब जमते. बरं खास वकिलांसाठीची महागडी टूल्स तरी? स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२४ मध्ये तपासली तेव्हा एकात साधारण सहातलं एक उत्तर चुकीचं निघालं आणि दुसऱ्यात तीनातलं एक. त्यामुळे सहाच्या सहा निकाल आधी मूळ रिपोर्टमध्ये, म्हणजे निकाल छापले जातात त्या संग्रहात, उघड, उघडला नाही की तो गेला. उघडला तर पूर्ण वाच, हेडनोटवर, म्हणजे निकालाच्या वर छापलेल्या सारांशावर, थांबू नकोस, नंतर कुणी फिरवलाय का ते बघ, आणि तू जो पॅरा टाकणार आहेस तो निर्णयाचा भाग आहे की समोरच्या वकिलाचा युक्तिवाद न्यायाधीशांनी नुसता नोंदवलाय तेही बघ. या शेवटच्या चुकीसाठी मशीन लागत नाही, ती आम्ही आधीपासून करतोय.

प्रश्न: मी लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कागदपत्रं वाचायचं काम आता सॉफ्टवेअर करतं म्हणे, मग आमच्यासारख्यांना घेणार कोण?

खरं सांगू, ढिगाने वाचायचं काम जाणारच आणि जावंच. आपण माणसं त्यात फार हुशार होतो हाही गैरसमज आहे. १९८५ साली एक अभ्यास आला होता, एका मोठ्या दाव्यात सुमारे ४०,००० कागद कॉम्प्युटरवर चढवले होते आणि वकिलांना वाटत होतं की कामाचे निदान ७५ टक्के तरी कागद आपण शोधलेत, मोजलं तर निघाले २० टक्के. कारण काय, तर हे शोधत होते ‘अपघात’ आणि कागद लिहिणारे ज्यांच्या अंगावर शेकणार होतं ते कशाला अपघात म्हणतील, ते आपले लिहितात ‘ती घटना’, ‘तो प्रसंग’, ‘प्रॉब्लेम’. पुढे २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका केसमध्ये तीसेक लाख ईमेल होत्या, तिथे माणसांनी थोडे नमुने तपासायचे आणि त्यावरून शिकून मशीनने बाकीचे चाळायचे, या पद्धतीला कोर्टानेच मान्यता दिली.

पण मला काळजी वेगळीच आहे. गेल्या वर्षी माझ्याकडे माल पुरवठ्याचा एक करार आला, टूलने छान सारांश दिला, करार संपवायचा तर ९० दिवसांची नोटीस, कलम १४. माझी ज्युनियर बिचारी करण्यासारखं काही नव्हतं म्हणून शेवटची परिशिष्टं वाचत बसली, तर तिसऱ्या परिशिष्टात दरांच्या तक्त्याखाली बारीक अक्षरात ओळ, ‘कलम १४ मध्ये काहीही म्हटलेलं असलं तरी’ आणि पुढे ३० दिवस. ‘काहीही म्हटलेलं असलं तरी’ दिसलं की थांबायचं ही सवय तिला लागली कुठे, तर दोन वर्षं असले कंटाळवाणे करार वाचूनच. ते वाचनच गेलं तर पुढच्यांची नजर कशी तयार होणार याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही, सिनियर लोक यावर बोलतही नाहीत कारण त्यांचं शिकून झालंय. तू एक कर, सारांश बघायच्या आधी करार स्वतः वाच, तुझे मुद्दे काढ, मग ताडून बघ. वेळ जातो, जाऊ दे.

प्रश्न: वकील सहा तासांचं काम वीस मिनिटांत करतात, मग फी तेवढीच का?

तासावर फी ठरली असेल तर वीस मिनिटांचीच द्या. अमेरिकन बार असोसिएशनने, म्हणजे तिथल्या वकिलांच्या संघटनेने, २०२४ मध्ये स्पष्टच सांगितलंय की तासावर बिल लावत असाल तर खरंच घातलेल्या वेळाचंच लावा. कामावर ठोक फी ठरली असेल तर मात्र कुरकुर करू नका. (आता ठोक फीकडे वळणारे वकील वाढतील, बघत राहा.)

प्रश्न: वकिलाकडे जायच्या आधी माझा करार फुकटच्या चॅटबॉटमध्ये टाकून समजून घेऊ का?

नावं, पत्ते, खाते नंबर, रकमा काढून टाका, कारण तिथे टाकलेलं कुठे साठतं आणि कशाला वापरतात ते तुमच्या हातात राहत नाही. वकिलाशी बोललेलं गुप्त राहतं, ते संरक्षण चॅटबॉटशी मारलेल्या गप्पांना मिळेल असं धरून चालू नका. शब्दांचे अर्थ समजून घ्यायला, प्रश्नांची यादी करायला वापरा की, मलाही असे तयारीने आलेले अशील आवडतात. फक्त येताना मूळ कागद आणा. मागच्या आठवड्यात एकजण चॅटबॉटच्या उत्तराची अकरा पानं प्रिंट काढून, हायलायटर मारून घेऊन आले आणि करार घरीच विसरले.