सीझन संपला की अख्खं वर्षच वाया गेल्यासारखं का वाटतं?

आषाढी एकादशी झाली की चातुर्मास लागतो, मुहूर्त थांबतात आणि लग्नांवर पोट असलेली माणसं घरी बसतात. कोल्हापुरात अशी माणसं पुष्कळ आहेत. मांडववाले, आचारी, बँडवाले, नवरीचा मेकअप करणाऱ्या मुली, फोटोग्राफर. यांच्यातलं कुणी समुपदेशनासाठी माझ्याकडे येतं ते बहुतेक याच पावसाळ्यात, पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावरून वाहत असताना. प्रश्न जवळपास एकच असतो: ‘वर्षभर राबलो, पण मागं वळून बघितलं तर काहीच केल्यासारखं वाटत नाही. हा धंदा सोडून द्यावा का?’

२०२४ च्या पावसाळ्यात हाच प्रश्न घेऊन एक फोटोग्राफर आले होते. त्यांची परवानगी घेऊन, ओळख पटेल असे तपशील बदलून इथे लिहिते आहे, कारण त्यांच्या वर्षात अनेकांना आपलं वर्ष दिसेल.

वय पस्तिशीच्या पुढे. स्टुडिओ वडिलांनी सुरू केलेला. पासपोर्ट फोटो, शाळेचे ग्रुप फोटो आणि लग्नं. वडिलांना सगळे आण्णा म्हणतात. वय झालं तरी संध्याकाळी ते काउंटरवर येऊन बसतात. पहिल्या भेटीत या गृहस्थांनी मान वर न करताच सांगितलं, ‘‘मॅडम, शेवटच्या लग्नावरून आल्यावर बॅग कपाटावर टाकलीय. अजून चेन उघडली नाही. फोन वाजला की धस्स होतंय. पार्टीचाच असणार, अल्बम कुठंय म्हणून विचारणार.’’ झोप रात्री तीनला मोडायची. सीझनमध्ये तीनपर्यंत एडिटिंग करायची सवय लागली होती. आता काम नव्हतं, पण डोळा त्याच वेळी उघडायचा.

मी त्यांना म्हटलं, मला तुमचं वर्ष सांगा. त्यांनी तीन लग्नं सांगितली. एका लग्नात नवरीच्या आत्याचा अल्बमभर एकही धड फोटो नाही, म्हणून घरच्यांनी चारचौघांत सुनावलं. दुसऱ्यात ड्रोन उडाला नाही. तिसरं सीझनचं शेवटचं, भर पावसातलं. वीज गेली, हॉलमध्ये अंधार, आणि पाठवणीच्या वेळी फ्लॅशने दगा दिला. एवढं सांगून ते थांबले. जवळजवळ आठ महिन्यांचा सीझन, आणि आठवणीत ही तीन लग्नं.

यात त्यांचा दोष काहीच नाही. मन आठवणी अशाच ठेवतं. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली एक साधा प्रयोग केला होता. लोकांना एकदा १४ अंशांच्या गार पाण्यात ६० सेकंद हात बुडवायला सांगितलं. दुसऱ्या खेपेला तेच ६० सेकंद, आणि त्यापुढे आणखी ३० सेकंद, पण त्या जादा वेळात पाणी अगदी किंचित कमी गार होत गेलेलं. पुन्हा करायचं झालं तर यातलं काय कराल, असं विचारल्यावर बहुतेकांनी जास्त वेळ चाललेला दुसरा प्रकार निवडला. शेवट थोडा सुसह्य होता, एवढंच कारण. आपण अनुभवाची लांबी मोजत नाही. त्यातला सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट धरून ठेवतो. ज्याच्या सीझनचा शेवट भिजलेल्या फ्लॅशने झाला, त्याला अख्खं वर्ष तसंच आठवणार. म्हणून थकलेल्या अवस्थेत, नुसत्या आठवणीवर वर्षाचा निकाल लावू नका, असं मी प्रत्येकाला कळकळीने सांगते. वर्ष कागदावर बघायचं.

त्यांच्या स्टुडिओत भिंतीवर दिनदर्शिका होती. तारखांना लाल गोल, शेजारी गावाचं नाव, खाली पेन्सिलने ॲडव्हान्स आणि बाकी. पुढच्या भेटीला ती काढून आणायला सांगितली. सोबत हार्डडिस्कमधल्या फोल्डरांची यादी, आणि शक्य असेल तर वहिनींनाही.

त्या दिवशी आम्ही तुळशीच्या लग्नापासून सुरुवात केली. मार्गशीर्षात लाल गोलांची रांग. पौषात लग्नं नाहीत, पण प्री-वेडिंग होती: पन्हाळा, रंकाळा, राधानगरीकडचा रस्ता. माघ-फाल्गुनात मात्र एका ठिकाणी संध्याकाळी गडहिंग्लजला हळद आणि दुसऱ्या दिवशी दुपारी इचलकरंजीत अक्षता. हेच ते आत्याच्या फोटोचं लग्न. आदल्या रात्री ते किती झोपले होते, हे वहिनींनी सांगितलं: गाडीत, तेवढंच. गर्दीतली एक आत्या निसटली याचं कारण त्या तारखांमध्ये होतं. हे दिसल्यावर ते बराच वेळ त्या चौकटीकडे बघत राहिले. त्यांनी इतके महिने त्याचं कारण ‘माझी नजर गेली’ असं धरलं होतं.

मग मे आणि जून. जवळजवळ कोरे. ‘‘हे बघा,’’ ते म्हणाले, ‘‘लोकांनी मला बोलवायचं बंद केलंय.’’ मी म्हटलं, २०२४ च्या मे-जूनमध्ये गुरू आणि शुक्र दोन्हींचा अस्त होता, पंचांगात मुहूर्तच फार थोडे होते. ऑर्डरी सगळ्यांच्याच घटल्या असणार. त्यांनाही हे ठाऊक होतं. पत्रिका बघून तारखा पुढं ढकललेली घरं त्यांनीच मला सांगितली. पण ठाऊक असणं आणि स्वतःचा हिशेब करताना ते धरणं वेगळं. अधिक महिन्याच्या वर्षीही हेच होतं. ज्या धंद्याचं कॅलेंडर आकाशातले ग्रह ठरवतात, त्या धंद्यात एका वर्षाची दुसऱ्याशी तुलना करण्याआधी मुहूर्त मोजायला हवेत.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो पेन्सिलच्या आकड्यांवर. ‘बाकी’ लिहिलेल्या चौकटी वहिनी एकेक करून वाचत गेल्या, मी कागदावर मांडत गेले. ही बेरीज त्यांनी आजवर केलीच नव्हती. रक्कम कळल्यावर वहिनींनी नवऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. असिस्टंटचा रोज त्याच रात्री दिलेला, गाडीचं डिझेल रोख, लेन्सचा हप्ता दर महिन्याला कापला जातो. आणि स्वतःची मजुरी मात्र लोकांच्या घरी. का मागत नाही, असं विचारल्यावर म्हणाले, ‘‘कसं मागायचं ओ? त्यांच्यात जेवलोय. कुणी मेहुण्याचा मित्र, कुणी तालमीतल्या पोराचा भाऊ. सगळं घरचंच काम.’’

इथे मला खरी गोष्ट सापडली असं वाटलं. कोल्हापूर जिव्हाळ्याचं गाव आहे. ओळखीनं काम मिळतं, ओळखीनंच ते वाढतं, आणि पैसे मागताना आडवी येते तीही ओळखच. ‘काहीच केल्यासारखं वाटत नाही’ या भावनेत थकवा होता, तसंच हेही होतं की केलेल्या कामाचं मोल अक्षरशः हातात आलेलं नव्हतं. ते मनाचं दुखणं समजून माझ्याकडे आले होते. त्यातला मोठा भाग वसुलीचा होता.

आम्ही मग मागण्याचा सराव केला. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण समुपदेशनात आम्ही हे पुष्कळदा करतो. अवघड वाक्य आधी सुरक्षित खोलीत उच्चारायचं. त्यांचं पहिलं वाक्य होतं, ‘‘दादा, राग मानू नका, गडबड नाही, पण जमलं तर थोडं बघा की.’’ यात मागणी कुठे आहे? हळूहळू एकेक माफी काढत गेलो. उरलं ते असं: ‘‘दादा, अल्बमचं डिझाइन तयार आहे. बाकी जमा झाली की छपाईला पाठवतो.’’ यात उर्मटपणा नाही, उपकाराची भाषाही नाही. आणि ही अट बुकिंगच्या दिवशीच, ॲडव्हान्स घेताना तोंडाने सांगायची, म्हणजे शेवटी सांगताना ती नवी वाटत नाही.

वहिनींचं म्हणणं पैशांबद्दल नव्हतंच. त्यांच्या सख्ख्या भावाचं लग्न होतं. त्यांच्या वडिलांनी ‘घरचाच माणूस आहे’ म्हणून कॅमेरा यांच्याच हातात दिला. हळदीपासून वरातीपर्यंत जावई पळत होते. पंगतीत मानाचं पान वाढलेलं तसंच राहिलं. ‘‘मला त्या दिवशी नवरा पाहिजे होता,’’ त्या म्हणाल्या, ‘‘फोटोग्राफर दुसराबी मिळाला असता.’’ त्यांनी हे नवऱ्याला आधी सांगितलं नव्हतं. का, तर सीझनमध्ये वाद नको, आणि सीझननंतर हे असे गप्प. अशा घरांत भांडण पुढे ढकलण्याचीही एक सवय लागते. माझ्या मते ती थकव्याइतकीच घातक आहे.

आता थकव्याबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची नोंद आपल्या आजारांच्या वर्गीकरणात केली, पण आजार म्हणून नव्हे. कामाच्या जागी दीर्घकाळ साचलेल्या, नीट हाताळल्या न गेलेल्या ताणातून येणारी अवस्था म्हणून. तिची तीन अंगं सांगितली आहेत: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन दूर जाणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही अशी भावना. तिन्ही त्यांच्यात होती. त्याचं एक कारण मला त्यांच्याकडूनच समजलं. आण्णा छत्तीस फोटोंच्या चार-पाच रोलमध्ये लग्न उरकायचे. आज एका लग्नात हजारो फ्रेम पडतात, आणि प्रत्येक फ्रेमबद्दल रात्री बसून ठरवावं लागतं: ठेवू की काढू? डोळे मिटलेत का? मागे कुणी खातंय का? शूटिंगपेक्षा या निवडीत माणूस जास्त संपतो. आण्णांना हा भाग दिसत नाही, म्हणून ते ‘आम्ही नाही बाबा कधी दमलो’ म्हणतात. आणि मुलगा ते मनाला लावून घेतो.

नैराश्याची शंका मी तपासून घेतली. दोन आठवड्यांहून जास्त काळ, दिवसाचा बहुतेक वेळ उदास वाटणं, कशातच रस न वाटणं, झोप-भूक बिघडणं, जगण्यात अर्थ नाही असे विचार. हे सगळं स्पष्ट विचारलं. मरणाचे विचार येतात का, हेही विचारलं. असं विचारल्याने कुणाच्या डोक्यात ते विचार शिरत नाहीत. उलट बोलायला वाट मिळते. त्यांच्या बाबतीत उत्तर नाही असं होतं. पुतणीशी खेळताना ते हसत होते, रस्सा झाला की दोन वाट्या जास्त पीत होते. तसं नसतं तर मी त्यांना आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयात ही सोय आहे, आणि टेली-मानसची १४४१६ ही मोफत हेल्पलाइन चोवीस तास चालते. वाचणाऱ्यांपैकी कुणाला वरची लक्षणं स्वतःची वाटली, तर कॅलेंडर वगैरे नंतर. आधी तिथे जा.

एक सल मात्र उरली होती, आणि ती मला फार अस्सल कोल्हापुरी वाटली. त्यांना सिनेमाचं छायाचित्रण करायचं होतं. ‘‘खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचं स्मारक आहे, मॅडम. रोज तिथनं जातोय. बाबूराव पेंटरांनी इथं स्वतः कॅमेरा बनवला. आणि मी काय करतोय? मामा, इकडं बघा, हसा.’’ रात्री झोप मोडली की ते मोठ्या शहरांतल्या लग्नांची रील बघत बसायचे, त्यामुळे ही सल आणखी खोल जायची.

मी त्यांच्याशी पेंटरांबद्दलच बोलले. १९१८ च्या सुमारास तो कॅमेरा पूर्ण झाला, १९२० मध्ये त्यांचा ‘सैरंध्री’ हा चित्रपट आला, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याआधी बाबूराव आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव वर्षानुवर्षं नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवत होते. दुसऱ्याच्या मागणीनुसार, दुसऱ्याच्या नाटकासाठी, ठरलेल्या तारखेला. त्या कामात त्यांचा हात आणि नजर तयार होत होती. तुम्हीही पुढे सिनेमा करालच, असं मी म्हणाले नाही, कारण ते मला ठाऊक नाही. मागणीवर केलेलं काम हलकं असतं, हे मात्र मला मान्य नाही.

मग त्यांना विचारलं, लग्नातला कुठला क्षण कुणी पैसे दिले नाहीत तरी टिपाल? उत्तर लगेच आलं. अंतरपाट. मंगलाष्टका संपत आलेल्या, दोघं पाटांवर, मध्ये ते वस्त्र, दोघांचीही नजर खाली. ‘‘अंतरपाट काढायच्या आधी नवरीचा श्वास बदलतो. ते दिसतं मला. तवा मी कुणालाच हसा म्हणत नाही.’’ हे सांगताना त्यांची मान वर होती. आवडेनासं काय झालं होतं, तेही मग स्पष्ट झालं: प्री-वेडिंगच्या ठरवून दिलेल्या पोझा, रात्रीची छाटणी, आणि पैशांसाठी फोन करण्याची लाज. फोटो काढणं त्यात नव्हतं.

सोडायचं की नाही, याचं उत्तर मी दिलं नाही. श्रावण संपेपर्यंत निर्णय घ्यायचा नाही, एवढंच ठरवलं. तोवर झोपेची वेळ बांधायची, रात्री फोन स्वयंपाकघरात ठेवायचा, वसुलीचे फोन सकाळी दोन-दोन करायचे.

पुढचा सीझन त्यांनी केला. प्री-वेडिंग आता त्यांचा असिस्टंट बघतो. छाटणीसाठी एक मुलगा पगारावर ठेवला आहे. त्याने खर्च वाढला आणि पहिले दोन महिने घरात त्यावरून कुरबुर झाली. दिनदर्शिका वहिनींच्या ताब्यात आहे, लागोपाठ दोन दिवस त्या गोल काढू देत नाहीत. थकलेल्या बाकीपैकी बरीचशी आली. आत्याच्या फोटोवरून सुनावणाऱ्या घराची मात्र अजून आलेली नाही, आणि त्यांना दर महिन्याच्या पाच तारखेला तेच वाक्य पाठवलं जातं.