बायपास झाल्यावर माणूस किती वर्षं जगतो? १०-१५ वर्षांनी पुन्हा करावी लागते का?

ठरावीक मुदत नसते. सिंटॅक्स नावाच्या मोठ्या अभ्यासात हृदयाच्या तिन्ही मुख्य वाहिन्यांत किंवा डाव्या मुख्य वाहिनीत ब्लॉक असलेले, सरासरी पासष्टीचे रुग्ण होते. बायपास झालेल्यांपैकी साधारण ७६ टक्के १० वर्षांनंतरही हयात होते. पासष्टीतल्या हृदयरुग्णांसाठी हा आकडा चांगलाच म्हणायचा.

‘बायपास किती टिकेल’ हे बरंचसं जोडलेल्या वाहिनीवर अवलंबून असतं. डिस्चार्ज कार्डावर ‘लिमा टू एलएडी’ असं दिसतंय का बघा. म्हणजे छातीच्या आतली धमनी हृदयाच्या पुढच्या मुख्य वाहिनीला जोडली आहे. ही १० वर्षांनी दहापैकी नऊ जणांत चालू असते. पायातून काढलेल्या शिरेचं तसं नाही. धमनीतला दाब सोसायला ती बनलेलीच नसते, त्यामुळे भिंत जाड होते, आत चरबी साचते. काही शिरा पहिल्या वर्षातच बंद पडतात आणि १० वर्षांत जवळपास निम्म्या. पण एखादी बंद पडली म्हणजे सगळं संपलं असं नाही, कित्येकांना ते कळतही नाही. त्रास झालाच तर बहुधा अँजिओप्लास्टीवर भागतं. दुसऱ्यांदा बायपास क्वचितच करतात.

बाकी वय, मधुमेह, किडनी आणि हृदयाचं पंपिंग यावर बरंच ठरतं. सिगारेट सुटलीच पाहिजे, यात तडजोड नाही. अ‍ॅस्पिरिन आणि स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) सहसा कायमचे असतात. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नका.