मोठ्या कॅलिबरच्या काडतुसात हळू जळणारी दारू का चालत नाही?

काडतुसं स्वतः भरताना ‘मोठं काडतूस म्हणजे हळू जळणारी दारू’ हा हिशेब मोठ्या कॅलिबरला, म्हणजे रुंद भोकाच्या नळीला, फसतो. खरा प्रश्न पुंगळीच्या (दारू भरायच्या धातूच्या नळकांड्याच्या) आकारमानाच्या तुलनेत नळीचं भोक केवढं, हा आहे. भोक रुंद असलं की गोळी थोडी सरकताच मागची जागा भराभर वाढते. हळू दारूचा दाब मग टिकत नाही आणि न जळलेले कण नळीत उरतात. म्हणून .४५-७० किंवा .४५८ विंचेस्टर मॅग्नम अशा रुंद गोळीच्या रायफल काडतुसांना तुलनेने जलद ते मध्यम वेगाची दारू लागते.

पण फार जलदही नको. तिचं थोडंसं माप पुरतं, पुंगळी अर्धी रिकामी राहते आणि चुकून दुप्पट माप पडलं तरी कळत नाही. पुंगळी जवळपास भरेल अशी दारू मी निवडेन, दुप्पट झाली तर सांडेल तरी!

.४५-७० मधले ‘७०’ हे काळ्या (जुन्या, धूर करणाऱ्या) दारूचे ग्रेन, म्हणजे वजनाचं माप; ७० ग्रेन म्हणजे सुमारे ४.५ ग्रॅम. ते काडतूस १८७३ चं. त्या मापाने आजची, तिच्याहून जास्त जोराची धूरविरहित दारू कधीच भरू नका, रायफल फुटू शकते. जुन्या आणि नव्या रायफलींची मापं वेगळी असतात. दारू बनवणाऱ्या कंपनीचा तक्ता पाहा, सर्वात कमी मापापासून सुरुवात करा.